बिनबोलाचं पाणी

वैशाख अर्धा सरला होता आणि वडपाड्याच्या विहिरीत टँकरने ओतलेलं तेवढंच पाणी उरलं होतं. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला हा पाडा, बावीस घरांचा. विहीर दरीत, घरं टेकडावर. मधली वाट अशी, की रिकाम्या हातांनी चढणाऱ्यालाही दोनदा थांबावं लागतं. सकू त्या वाटेने सकाळची तिसरी खेप घेऊन वर येत होती. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, कमरेला कळशी. पन्नाशी उलटलेली बाई. मानेतली शीर अशी ताठली होती की डावीकडे बघायचं झालं तर अख्खं अंगच वळवावं लागत होतं.

ज्या घरात दोन बाया, त्या घरात पाण्याच्या खेपा दोघींत वाटल्या जातात. सासू दोन, सून तीन, असा साधारण हिशेब. सकूच्या घरातही दोन बाया होत्या. तरी गेले आठ दिवस ती एकटीच पाणी वाहत होती, आणि हे पाड्यात कुणाच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

"सकू, सून आणलीस का देव?" खाली रांगेत गौराने विचारलं होतं. गौराचं घर शेजारचंच, आणि तिच्या तोंडाला कधी सुट्टी नसायची. "नुसती बसवून ठेवलीस. उद्या हळदकुंकू वाहशील."

"पोर अंगावर पितां. उनाचा तरास होतो तिला."

"आमी काय पोरां नाय पाजली? माझा फकिरा झाला तवा मी पाचव्या दिशी लाकडांची मोळी आणली."

बाया हसल्या. सकूही हसली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही, पण हसणं जमत होतं. पोहरा वर येईपर्यंत ती हसत राहिली आणि मग हंडे उचलून निघाली.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी दोघी ओट्यावर नागली निवडत बसल्या होत्या. सून चंदना कितीतरी वेळ एकच मूठ चाळवत होती. मग सुपातून नजर न उचलता ती म्हणाली, "आत्या, चिमीला तू सांभाळशील ना?"

"का? तू कुठं निघालीस?"

"मना काय नाय सुधरत. विहिरीवर गेली का वाटतां, खाली जावां आणि परत वर येवूच नाय. रोज वाटतां. मरून जावां वाटतां, आत्या."

सकूने काय करावं? तिने सुपावर हात आपटला. "चूप! असां तोंडातून काढू नये. लेकुरवाळी बाई तू!" चंदना चूप झाली ती चूपच झाली. सकूने त्या दिवसापासून तिच्या डोक्यावरचा हंडा काढून घेतला. दुसरं काही तिला सुचलं नाही. ज्या वाटेला धोका आहे ती वाटच बंद करावी, एवढंच तिला कळलं.

चंदना नुसती सून नव्हती. सकूच्या सख्ख्या भावाची, देवरामची लेक. जामसरहून सकूने स्वतः मागून आणलेली. "तुझी पोर माझ्या घरात माझ्या डोळ्यांपुढं राहील," असं भावाला सांगितलेलं. आता तीच पोर पडवीत कुडाला टेकून बसलेली असायची, केस विंचरलेले नाहीत, लुगड्याचा पदर दुधाने ओला होऊन वाळून कडक झालेला. सात महिन्यांची चिमी मांडीवर रडायची तेव्हा तिला छातीशी घ्यायची, पण बघायची कुडाकडे. भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर तो चावायचं विसरून जायची. आणि सकूचा मुलगा जगन ठाण्याला इमारतीच्या कामावर. फोन करायचा तर टेकडाच्या टोकाला मोहाच्या झाडापाशी जावं लागे, आणि तिथेही आवाज अर्धा येई. "सब ठीक ना?" तो विचारायचा. "सगळां बरां हाय," सकू सांगायची.

सकूला दया यायची आणि रागही यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. राब भाजायचा राहिला होता. पावसाआधी नागलीच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळायच्या असतात. पाड्यातले सगळे राब काळे झाले होते आणि सकूचा तेवढा तसाच पडला होता. ती दुपारी ऐनाच्या फांद्या ओढत आणायची, हात सोलपटायचे, आणि घरी आल्यावर चूल थंड असायची. अशा वेळी चंदनाचा हात धरून गदागदा हलवावं असं तिला वाटायचं. एकदा हलवलंही. "अगं, ऊठ की! काय झालां काय तुला?" चंदना उठली, चुलीपाशी गेली, आणि काडी पेटवून ती विझेपर्यंत हातात धरून उभी राहिली. बोट भाजलं तरी तिने हात झटकला नाही. सकूने तिचं बोट पाण्यात बुडवलं आणि स्वतःच रडली. त्या पाण्यालाही एक खेप लागली होती.

शेवटी ती फागूबाबाकडे गेली.

फागू भगत म्हातारा, समजूतदार माणूस. अर्ध्या पाड्याची पोरं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याने सुपात तांदूळ मांडले, दाणे बाजूला केले, पुन्हा मांडले. चंदना समोर बसली होती, चिमी सकूच्या कडेवर.

"जेवत नाय?"

"नाय," सकू म्हणाली.

"झोप?"

"रात सगळी डोळे उघडेच."

"आणि काय?"

सकूच्या ओठांवर आलं होतं. पण फागूच्या ओट्यावर आणखी चार माणसं बसली होती. हे एकदा बाहेर पडलं की आज संध्याकाळी सूर्यमाळला, उद्या मोखाड्याच्या बाजारात आणि परवा जामसरला भावाच्या दारात. पोरीला नाव चिकटलं की ते मेल्यावरही निघत नाही.

"आणि काय नाय," ती म्हणाली.

फागूने मान हलवली. "बाळंतपणातला वारा हाय. पाच दिस हिने पहाटेला उठून विहिरीवर जायचां. एकटीने. जाताना, येताना कुणाशी बोलायचां नाय, कुणी हिच्याशी बोलायचां नाय. तसां बिनबोलाचं पाणी आणायचां आणि त्याने लेकराला अंघोळ घालायची. उतरंल."

एकटीने, विहिरीवर. ती उठलीच नाही. फागूने दोनदा तिच्याकडे पाहिलं. "काय गं?" त्याने विचारलं. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. सकूने पदराने तोंड पुसलं आणि चंदनाला उठवून घरी आणलं. वाटेत तिने मनाशी ठरवून टाकलं, की आपण मागे मागे जायचं, दिसायचं नाही. औषधही होईल आणि पाळतही राहील. माणूस शरमेपायी स्वतःला काय काय पटवून देतो.

पहिल्या दिवशी पहाटे चंदना हंडा घेऊन उतरली आणि सकू चाळीस पावलं मागे, चिमीला पाठीशी बांधून. करवंदीच्या जाळीआडून तिने पाहिलं. चंदनाने पोहरा सोडला, ओढला, हंडा भरला, आणि मग काठाशी उभी राहिली. उभीच राहिली. सकूने तोंडात पदर कोंबला. हाक मारावी तर औषध मोडतं. मग चंदना वळली आणि हंडा डोक्यावर घेऊन वर आली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, फक्त उभं राहणं वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकूला जाग आली ती चिमीच्या रडण्याने. कुडाच्या फटीतून उजेड आत आला होता. आदल्या दिवशी तिने पाच खेपा केल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत राबावर फांद्या पसरल्या होत्या. शरीराने दगा दिला. चंदनाची घोंगडी रिकामी होती, हंडा जागेवर नव्हता.

सकूने चिमीला तसंच उचललं आणि ती धावली. धावली म्हणजे काय, घसरली, धरली, पुन्हा घसरली. गुडघा फुटला. तिच्या तोंडातून "चंदने, चंदने" असं निघत होतं, आणि त्यात औषध मोडलं की राहिलं याचं भानही तिला नव्हतं. जाळीच्या वळणावर तिला आवाज ऐकू आला. गौराचा.

"...धर म्हटलां तर धरशील का नाय! तुझ्या वयात मी एकटी ओढीत होती. हां, असा. सोडू नको आता. दोर सोडलास तर माझा जीव नाय राहायचा, आधीच एक पोहरा तळाला गेलाय..."

विहिरीवर दोघी होत्या. चंदना दोर ओढत होती, दोन्ही हातांनी, पाय दगडाला लावून. गौरा शेजारी कमरेवर हात देऊन उभी, अखंड बोलत. चंदनाच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि ते पोहऱ्याचं नव्हतं.

सकूला बघताच गौराचा चेहरा उतरला. "मी बोलली गं हिच्याशी," ती म्हणाली. "फागूबाबाने मना केलंता, सगळ्या पाड्याला ठावां हाय. पण मी नंबर लावाया आली तर ही काठावर बसलेली. पाय आत सोडून. मला भ्याव वाटला. म्हटलां, दोर धर. काय तरी बोलायचां म्हणून बोलली. औषध मोडलां का? माझ्यामुळं मोडलां?"

सकू खाली बसली. चिमी रडत होती. चंदनाने पोहरा काठावर ठेवला आणि तीही बसली, दगडाला पाठ लावून.

"ती बोलली म्हणून," चंदना हळूच म्हणाली. "मना वाटलां, हिचा पोहरा तरी काढून द्यावा."

सकूने गौराचा पदर धरला. "गौरे," ती म्हणाली, "ही मरायचां बोलते. अकरा दिस झाले. मी कुणाला सांगितलां नाय. हिला एकटीला इथं धाडली, मीच धाडली." आणि ती अशी रडायला लागली की चिमी गप्प झाली.

गौराने चिमीला उचलून घेतलं. तिला थोपटलं. मग म्हणाली, "ऊठ. आधी प्रमिलाकडं जाऊ. पाणी राहू दे."

प्रमिला म्हणजे पाड्याची आशाताई, वरच्या आळीतली. तिने सगळं ऐकलं, आणि चंदनाला विचारलं, "आता या घडीलाही तसंच वाटतंय?" चंदनाने होकाराची मान हलवली. प्रमिलाने कामाची वही मिटली, पायात चपला घातल्या. "मग आजच. नऊची जीप गाठू."

निघताना वाटेत फागूचं घर लागलं. सकू थांबली. तिला ओरडायचं होतं. पण तिने सगळं सांगितलं, तसा फागू ओट्यावर बसला.

"मला का नाय बोललीस, सकू? मी हिला एकटी धाडली असती? असल्या पोरीला मी एकटी धाडली असती?"

"माणसां बसलेली होती."

"उठवली असती माणसां. घरात नेऊन ऐकला असता." म्हाताऱ्याने तांदळाचं सूप बाजूला सारलं. "हे माझ्या तांदळात नाय दिसत. दवाखान्यात न्या. माझां पाणी राहू दे."

जीपमध्ये चौदा माणसं होती. चंदना सकूच्या आणि गौराच्या मध्ये. गौरा कशाला आली हे तिलाच माहीत, घरी चूल तशीच टाकून आली होती. घाटात गाडी वळायची तसं चंदनाचं डोकं एकदा हिच्या, एकदा तिच्या खांद्यावर जायचं.

मोखाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज बसका, रांगेत साठेक माणसं. प्रमिलाने आत जाऊन काहीतरी सांगितलं, तसं त्यांना आधी बोलावलं. बाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची टेबलाच्या पलीकडून अलीकडे ओढली.

"चंदना, मरून जावं असा विचार येतो का?"

सकूचा हात आपोआप पुढे झाला, जणू चंदनाचं तोंड झाकायला. असं कुणी विचारतं? सरळ, नाव घेऊन?

"येतो," चंदना म्हणाली.

"रोज?"

"रोज. पहाटे जास्ती."

"कसं करायचं, तेही ठरवलंय?"

"हां."

"कधीपासून?"

"थंडी सरली तवापासून. आधी नुसतां रडू यायचां. मग रडूही येईना. चिमीला बघते तर वाटतां, दुसऱ्या कुणाची हाय. माझ्यासारख्या आईपरीस तिला आत्या बरी." ती बोलत राहिली. दोन महिन्यांत सगळं मिळून बोलली नव्हती तेवढं ती त्या खोलीत बोलली, आणि बाई मध्ये फक्त "हं" म्हणत राहिल्या. सकू ऐकत होती आणि तिला कळत होतं, की आपण आठ दिवस हिच्या डोक्यावरचा हंडा उचलला, पण खरं ओझं हेच होतं.

"हा आजार आहे," बाई सकूला म्हणाल्या. "बाळंतपणानंतर होतो, बऱ्याच जणींना. आळस नाही, वेड नाही, कुणाचं करणं नाही. औषधाने आणि बोलण्याने बरा होतो. पण गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मावशी. तोवर हिला एकटं सोडायचं नाही. झोपेतसुद्धा कुणीतरी जवळ हवं. आणि रोज विचारायचं."

"काय विचारायचां?"

"मी विचारलं तेच."

"बाई, विचारलां तर नसलेलां डोक्यात भरंल."

"विचारल्याने येत नाही. आलेलं असतं ते बाहेर पडतं. तुम्ही चूप म्हणालात तेव्हा ते आत राहिलं." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, पण सकूने मान खाली घातली.

संध्याकाळपर्यंत बाईंनी चंदनाला तिथेच खाटेवर ठेवून घेतलं, पुन्हा दोनदा बोलल्या, जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरशी फोनवर बोलल्या. निघताना गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी यायची तारीख दिली. दूध पाजायला हरकत नाही म्हणाल्या. कागदावर एक नंबर लिहिला, एक चार चार एक सहा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लावा. बाजारात मोबाइलला रेंज चांगली होती. तिथूनच सकूने जगनला फोन लावला आणि "सगळां बरां हाय" असं पहिल्यांदाच म्हटलं नाही. पलीकडे सिमेंटच्या मिक्सरचा आवाज येत होता. "आई, मी येतो," जगन म्हणाला. "सेठ ना बोलेगा तो भी येतो."

तो आला, सहा दिवस राहिला, राब भाजला, रात्री बायकोच्या शेजारी जागा राहिला, आणि काम सुटू नये म्हणून परत गेला. सूर्य तसाच तापत होता. टँकर एक दिवसाआड यायचा तो तीन दिवसांआड येऊ लागला.

सकू रोज सकाळी विचारायची. पहिला दिवस. कसं विचारावं? तिने चूल पेटवली, चहाचं पाणी ठेवलं, आणि पाठ करूनच म्हणाली, "आज हाय?"

"हाय," चंदना म्हणाली.

"लई?"

"लई."

मग एका दिवशी सकू घरातून हलायची नाही आणि गौरा दोन्ही घरांचं पाणी आणायची. दुसऱ्या दिवशी सकू जायची आणि गौरा चंदनापाशी बसून तोंड चालू ठेवायची. बायांना सकूने रांगेतच सांगून टाकलं, "माझी सून आजारी हाय. मरायचं मनात येतां तिच्या. दवाखाना चालू हाय." रांगेत कुणी हसलं नाही. एकीने नजर वळवली. दुसऱ्या एकीने आपला हंडा मागे सरकवून सकूला पुढे घेतलं. कुजबुजायचं ते लोक कुजबुजलेच. सकूची मान आधीच दुखत होती, त्यात आणखी काय दुखणार होतं?

गोळ्यांनी चंदना आधी झोपाळू झाली. तोंड कोरडं पडायचं, हात जड व्हायचे. आठ दिवस गेले, तरी सकाळचं उत्तर तेच. सकू थकली. रोज तोच प्रश्न, रोज तेच "हाय". दहाव्या दिवशी चंदनाने स्वतःहून केस विंचरले, आणि अकराव्या दिवशी पुन्हा कुडाकडे तोंड करून बसली. दवाखान्यात बाई म्हणाल्या, असंच होतं, वरखाली. सकूला वाटलं, आपल्या घाटासारखं, चढल्याशिवाय उतार नाही आणि उतारानंतर पुन्हा चढच.

विसाव्या दिवशी सकाळी चंदना म्हणाली, "आज नाय वाटत." सकूने चहात साखर दोनदा घातली. त्या दिवशी टँकर आला होता, चार दिवसांनी. सकू चिमीला आणि चंदनाला गौराच्या ओट्यावर बसवून खाली गेली. रांग मोठी, ऊन डोक्यावर. दीड तास उभी राहिल्यावर तिचा नंबर लागला. विहिरीत पाणी बोटभर उरलं होतं आणि तिच्या मागे आणखी नऊ घरं होती. आज गेलेला नंबर चार दिवसांनी मिळणार होता. तिने पोहरा सोडला.

तेव्हा तिला वाटेवर दोघी दिसल्या. पुढे चंदना, अनवाणी, धापा टाकत. मागे गौरा, चिमीला कडेवर घेऊन, काही न बोलता. चंदना रांगेच्या कडेने सरळ आली आणि सगळ्या बायांच्या देखत सकूपाशी थांबली. विहिरीकडे तिने बघितलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "सकाळी नव्हतां. आता आलां. मना एकटीला धरवत नाय."

सकूने दोर सोडून दिला. पोहरा खाली जाऊन आपटल्याचा आवाज आला आणि मागून कुणीतरी "अगं, नंबर!" म्हणून ओरडली. सकूने चंदनाचा घामेजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वीस दिवस ती विचारत होती तेव्हा ही उत्तर देत होती. आज कुणी विचारलं नव्हतं.

"बरां केलास सांगितलास ते," सकू म्हणाली. "चल, बस इथं सावलीला. सांग मला सगळां."